तुलसीदास बलराम : एका आघाडीवीराचे मूल्यमापन

कीर्तनकाराची योग्यता तो कोणत्या देवळात उभा राहिला यावरून कोणी ठरवीत नाही. आज तो गाणगापुरास असेल, उद्या माणिकनगरास, आषाढीत पंढरीस. श्रोते विचारतात ते एवढेच की, निरूपण कसे झाले, पद रंगले की नाही. गावोगाव फिरला म्हणून त्याच्यावर चंचलपणाचा ठपका कोणी ठेवीत नाही. खेळाडूच्या बाबतीत मात्र आपली न्यायबुद्धी एकाएकी पालटते. त्याने एक क्लब सोडून दुसरा धरला की ‘हा कोणाचाच नव्हे’ असे म्हणून आपण मोकळे होतो. एकाच सदऱ्यात आयुष्य घालविणाऱ्याला आपण निष्ठावंत म्हणतो, आणि चार सदरे बदलणाऱ्याला, फार तर, हुशार म्हणतो. हा निवाडा कितपत न्याय्य आहे, हे एका थोर आघाडीवीराच्या कारकिर्दीच्या आधारे तपासून पाहावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. तो आघाडीवीर म्हणजे तुलसीदास बलराम.

बीदर-कलबुर्गीकडील वाचकांस हे नाव परके वाटण्याचे कारण नाही. १९३६ साली सिकंदराबादेजवळच्या अम्मुगुडा या वस्तीत बलराम जन्मले, तेव्हा बीदर, गुलबर्गा आणि सिकंदराबाद ही एकाच हैदराबाद संस्थानातील गावे होती. आपल्याकडचे लोक कोर्टकचेरीस, कॉलेजास आणि बाजारहाटास ज्या शहरी जात, त्याच शहराच्या मैदानांवर हा मुलगा वाढला. घरी तमिळ बोलणारे, बाहेर तेलुगू आणि दखनी ऐकणारे हे गरीब कुटुंब होते. ज्या मुलखात एका घराच्या ओसरीवर तीन भाषा बसतात, त्या मुलखाचेच हे अपत्य होय.

त्यांच्या पहिल्या बुटांची कथा फुटबॉलचे जाणकार आवडीने सांगतात. नवे बूट घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून पोलिसांच्या टाकून दिलेल्या बुटांच्या कातड्यातून एका चांभाराकडून दोन रुपयांत त्यांनी आपले बूट करून घेतले, अशी ती कथा आहे. तिच्यातील रुपये-आणे कोणी पारखून पाहू नयेत. पण हा खेळाडू कोठून निघाला, हे तिच्यावरून नीट उमगते. पुढे तो जे काही झाला, त्यात घरच्या संपत्तीचा, कुळाचा किंवा वशिल्याचा वाटा नव्हता.

बलराम यांच्या कारकिर्दीचे टप्पे थोडक्यात असे आहेत. आरंभी सिकंदराबादचा आर्मी कॉम्बॅट फोर्स हा संघ, त्यानंतर हैदराबादचा रायडर्स क्लब आणि हैदराबाद सिटी पोलीस. १९५७ पासून कलकत्त्याचा ईस्ट बंगाल. आणि १९६३ साली बंगाल नागपूर रेल्वेचा, म्हणजे बी. एन. आर.चा संघ. त्याच वर्षी फुप्फुसावरणाच्या दाहाच्या विकाराने त्यांना खेळ थांबवावा लागला. त्या वेळी त्यांचे वय सत्तावीस वर्षांच्या आतबाहेर होते. ज्या वयात आघाडीचा खेळाडू खऱ्या अर्थाने पिकू लागतो, त्या वयात यांचा हंगाम आटोपला. एवढ्या अल्प काळात त्यांनी दोन ऑलिंपिक स्पर्धा आणि एक आशियाई सुवर्णपदक पाहिले, हे ध्यानात ठेवूनच पुढील विवेचन वाचावे.

हैदराबादच्या दिवसांत त्यांना लाभलेला गुरू असामान्य होता. सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शिक्षक. १९५० पासून हैदराबाद सिटी पोलीस आणि पुढे भारतीय संघही त्यांच्याच हाताखाली तयार झाला. मुंबईच्या कूपरेज मैदानावरील रोव्हर्स चषक या पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकला होता. रहीमसाहेबांचा आग्रह दोन गोष्टींचा असे. खेळाडूला दोन्ही पाय सारखेच चालविता आले पाहिजेत, आणि चेंडू पायाशी उगाच घोळवीत न बसता तो योग्य क्षणी योग्य माणसाकडे गेला पाहिजे. बलराम हे या शाळेचे विद्यार्थी. चेंडूवर त्यांची हुकमत विलक्षण होती; प्रतिस्पर्ध्याला चकवून पुढे जाण्याची कला त्यांच्या अंगी उपजतच होती. तथापि, ही कला मिरविण्यासाठी नसून साथीदाराला मोकळी जागा करून देण्यासाठी आहे, हा संस्कार रहीमसाहेबांचा. उपजत देणगी आणि गुरूचा संस्कार यांच्या संगमातून हा खेळाडू घडला.

येथे इतिहासातील एका योगायोगाकडे वाचकांचे लक्ष वेधणे अवश्य आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य विसर्जित झाले. तेलंगण आंध्र प्रदेशात गेले, मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, आणि बीदर व गुलबर्गा हे जिल्हे म्हैसूर राज्यात समाविष्ट झाले. बीदर जिल्ह्यातीलही काही भाग तुटून पलीकडे गेला. उदगीर एका राज्यात राहिले आणि भालकी दुसऱ्यात. याच नोव्हेंबरच्या २२ तारखेस मेलबर्न येथे ऑलिंपिक सामन्यांचे उद्घाटन झाले, आणि वीस वर्षांचे बलराम त्या भारतीय पथकात होते. ज्या राज्यात ते लहानाचे मोठे झाले, ते राज्य तीन आठवड्यांपूर्वीच नकाशावरून पुसले गेले होते. परंतु हैदराबादचा फुटबॉल संघ पुसला गेला नाही. १९५६-५७ आणि १९५७-५८ या दोन्ही हंगामांत संतोष चषक हैदराबादनेच जिंकला, आणि दोन्ही वेळा अंतिम सामन्यात हरलेला संघ मुंबईचा होता. राज्य गेले, संघ राहिला. मराठवाड्यातील प्रेक्षकाने त्या सामन्यांत कोणाची बाजू घ्यावी? त्याचे राज्य आता मुंबई, पण त्याच्या ओळखीचे शहर हैदराबाद. आणि बीदरच्या प्रेक्षकाचे राज्य तर दोहोंपैकी एकही नव्हते.

मेलबर्नच्या त्या संघाने चौथा क्रमांक मिळविला. तेवढी मजल भारतीय फुटबॉलने ऑलिंपिकमध्ये ना त्यापूर्वी मारली होती, ना त्यानंतर मारली. ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करून ऑलिंपिकमध्ये हॅट्ट्रिक साधणारा पहिला आशियाई खेळाडू ठरलेले नेव्हिल डिसूझा हे बार्देश तालुक्यातील आसगावचे. त्यांचा मुंबईचा संघ टाटांचा होता. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात जन्मलेला हा माणूस भारताचा सदरा घालून खेळत होता, आणि गोवा मुक्त व्हावयास अद्याप पाच वर्षे होती. म्हणजे जन्मभूमी एक, क्लब दुसऱ्या शहरातला आणि देश तिसऱ्याच नकाशावरचा, ही अवस्था त्या काळी अपवाद नव्हती.

१९५७ मध्ये बलराम कलकत्त्यास गेले. ईस्ट बंगाल क्लबाची स्थापना १९२० ची. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून परागंदा होऊन आलेल्या लक्षावधी माणसांनी या क्लबाच्या लाल-सोनेरी रंगात आपले हरवलेले गाव शोधले. अशा क्लबाच्या आघाडीवर खेळलेली माणसे मात्र पुष्कळदा बंगाली नव्हतीच. बलराम यांच्यापूर्वी, १९४९ ते १९५३ या काळात, या क्लबाच्या आघाडीच्या पाच खेळाडूंस लोकांनी ‘पंचपांडव’ असे नाव दिले होते. व्यंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान आणि सालेह हे ते पाच. पाचही दक्षिणेकडचे, आणि धर्माने एक नव्हेत. तरी लोकांनी त्यांना पांडव केले. पांडवही वनवासातलेच, आणि त्यांना पांडव म्हणणारे प्रेक्षकही. निर्वासितांच्या त्या समूहाने आपल्या भाषेची, आपल्या गावची माणसे मागितली नाहीत. आपल्या वतीने जीव ओतून खेळतील अशी माणसे मागितली. ‘आपले’ कोण याचा निर्णय त्यांनी जन्मावरून केला नाही.

त्या पंचपांडवांनी मोकळ्या केलेल्या जागी उभे राहणे सोपे नव्हते. बलराम तेथे सहा हंगाम खेळले. १९५८ ची आय. एफ. ए. शील्ड, १९६० चा मोहन बागानसमवेत विभागून मिळालेला ड्युरँड चषक, आणि १९६१ साली स्वतःच्या नेतृत्वाखाली जिंकलेली कलकत्ता लीग ही त्या सहा वर्षांतील ठळक फळे. लीगचे ते विजेतेपद ईस्ट बंगालला १९५२ नंतर, म्हणजे तब्बल नऊ वर्षांनी मिळत होते. आणि त्या हंगामात २३ गोल करून लीगमध्ये सर्वाधिक गोलांचा मान कर्णधारानेच मिळविला. ‘बलराम हे खेळ रचणारे, गोल करणारे नव्हेत’ असे ढोबळ विधान काही वेळा केले जाते, त्याला हा आकडाच पुरेसे उत्तर आहे. याच काळात राष्ट्रीय स्पर्धेत ते बंगालच्या वतीने उतरले. पूर्वी हैदराबादसाठी जिंकलेला संतोष चषक आता त्यांनी बंगालसाठीही जिंकला.

१९६३ मध्ये ते बी. एन. आर.कडे गेले, तेथे रेल्वेच्या नोकरीची शाश्वती होती. त्या काळी आपल्या देशात फुटबॉलपटू कागदोपत्री हौशी समजला जाई. क्लबाकडून मिळेल ते मिळेल, पण म्हातारपणाची भाकर द्यावयाची ती पोलीस, रेल्वे, टाटा अशा नोकरीनेच. या संदर्भाशिवाय त्या काळच्या कोणत्याही खेळाडूच्या क्लब-बदलाचा न्याय करता येत नाही. आणि ज्या संघात ते गेले त्याचे नावही मोठे अर्थपूर्ण आहे. बंगाल नागपूर रेल्वे ही कंपनी १९४४ मध्ये सरकारच्या ताब्यात आली. १९५२ मध्ये ती पूर्व रेल्वेत विलीन झाली आणि १९५५ मध्ये दक्षिण-पूर्व रेल्वे म्हणून वेगळी काढण्यात आली. रेल्वेचे नाव गेले, पण मैदानावरील संघाने ‘बी. एन. आर.’ हीच अक्षरे छातीवर राखली. जे राज्य उरले नव्हते त्याचा सदरा बलराम यांनी घातला होता. आता जी रेल्वे उरली नव्हती तिचाही घातला. त्या वर्षीची आय. एफ. ए. शील्ड बी. एन. आर.ने जिंकली.

आता त्यांच्या खेळाच्या गुणावगुणांचा विचार करू. त्या पिढीच्या भारतीय आघाडीत तीन नावे नेहमी एकत्र उच्चारली जातात : पी. के. बॅनर्जी, चुनी गोस्वामी आणि बलराम. बॅनर्जी यांचा फटका बंदुकीच्या गोळीसारखा. उजव्या बगलेने सुटले की बचावाला श्वास घेऊ देत नसत. गोस्वामी यांच्या चालीत डौल होता. चेंडू त्यांच्या पायाशी आला की मैदानाचे लक्ष तेथेच खिळे. बलराम यांच्यापाशी फटका होता, चकवाही होता. पण त्यांचा विशेष या दोहोंत नव्हता. आघाडीच्या फळीतील कोणत्याही जागी ते तितक्याच सहजतेने उभे राहू शकत. डावी बगल द्या, आतली डावी जागा द्या, मध्यभागी उभे करा किंवा थोडे मागे येऊन खेळ जुळविण्यास सांगा. जी जागा रिकामी असेल ती आपली, अशी त्यांची वृत्ती होती. अष्टपैलू खेळाडूचे दुर्दैव असे की, त्याची अमुक एक जागा ठरत नाही, आणि ज्याची जागा ठरलेली नाही त्याची मूर्ती लोकांच्या मनात पक्की बसत नाही. बॅनर्जी म्हटले की उजवी बगल डोळ्यांपुढे येते. बलराम म्हटले की कोणते चित्र येते? ही त्यांच्या कीर्तीतील उणीव खरी आहे; परंतु ती गुणातून उपजलेली उणीव आहे.

रोमचे १९६० चे ऑलिंपिक घ्या. भारत हंगेरीकडून १-२ असा हरला, फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी झाली आणि पेरूकडून १-३ असा पराभव झाला. हा संघ गटात शेवटचा आला, म्हणून ती स्पर्धा आपण विसरलो. परंतु भारताच्या त्या तीन गोलांपैकी दोन बलराम यांचे होते, आणि त्यांतील एक हंगेरीसारख्या बलाढ्य संघाविरुद्ध. ऑलिंपिकमध्ये फुटबॉल खेळण्याची भारताची ती शेवटचीच वेळ. त्यानंतर त्या दारापर्यंत आपण पोहोचलेलो नाही.

त्याच्या उलट उदाहरण १९६२ च्या जकार्ता येथील आशियाई सामन्यांचे. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असे हरविले. नंतर थायलंडवर ४-१ आणि जपानवर २-० असे विजय मिळाले. दोन्ही सामन्यांत बलराम यांचा एकेक गोल आहे. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामवर ३-२, आणि ४ सप्टेंबर रोजी अंतिम सामन्यात त्याच दक्षिण कोरियावर २-१ असा विजय. थायलंडविरुद्ध डोक्याला जखम होऊन टाके पडलेला जर्नेल सिंग हा बचावातला गडी रहीमसाहेबांनी शेवटच्या दोन सामन्यांत चक्क आघाडीच्या मध्यभागी उभा केला. त्याने उपांत्य आणि अंतिम अशा दोन्ही सामन्यांत गोल केले. अंतिम सामन्याचा दुसरा गोल बॅनर्जींचा. बलराम यांचे नाव त्या दिवशीच्या गोलपत्रिकेत नाही.

येथेच समीक्षकाची कसोटी लागते. बचावातील गड्याला आघाडीच्या मध्यभागी आणावयाचे, तर त्याच्या दोन्ही बाजूंना अशी माणसे हवीत की जी आपली जागा सांभाळून त्याचीही उणीव झाकतील. देवाच्या पालखीस खांदा देणाऱ्यांस हे समजावून सांगण्याची गरज नाही. नवखा माणूस दांडीखाली आला की जुना भोई पावलाचे अंतर बदलतो, भार किंचित आपल्याकडे ओढून घेतो. पालखी डुलत नाही आणि बघणाऱ्याला काही कळतही नाही. बलराम यांचा उत्तम खेळ हा पुष्कळदा या जातीचा होता. गोलांचा हिशेब मांडणाऱ्या वहीत त्याला रकाना नाही, म्हणून तो घडलाच नाही असे नव्हे.

आता मूळ आक्षेपाकडे वळू. चुनी गोस्वामी १९५४ ते १९६८ एकट्या मोहन बागानसाठी खेळले. बॅनर्जी यांनी ईस्टर्न रेल्वे सोडली नाही. मग बलराम यांनाच एका ठिकाणी का राहता आले नाही, असे कोणी विचारील. गोस्वामींच्या निष्ठेस आम्ही उणे लेखीत नाही. ती दुर्मिळ आणि वंदनीय आहे. परंतु एकनिष्ठा हा गुण आचरावयास आधी पायाखाली जमीन लागते. ज्याच्या शहरातच मोठा क्लब आहे त्याला घर न सोडता थोर होता येते. सिकंदराबादच्या मुलाला हैदराबादेस जावे लागते, हैदराबादच्या खेळाडूला कलकत्ता गाठावे लागते, आणि तेथेही उद्याची भाकर कोठून येईल हा प्रश्न सुटत नाही. अशा माणसाची निष्ठा ठिकाणावरून मोजणे म्हणजे नदीने एका घाटाशी थांबावे असा हट्ट धरणे होय. मोजावयाचेच तर हे मोजावे की, ज्या ज्या सदऱ्यात तो उतरला, त्या त्या सदऱ्यासाठी त्याने काही राखून ठेवले काय? हैदराबादसाठी राष्ट्रीय विजेतेपद, ईस्ट बंगालसाठी नऊ वर्षांच्या दुष्काळानंतरची लीग, आणि बी. एन. आर.च्या त्या एका अखेरच्या वर्षातली शील्ड, हा पुरावा समोर आहे.

मानाच्या वाटपात मात्र त्यांचे पारडे हलकेच राहिले. १९६२ चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. गोस्वामींना १९८३ साली आणि बॅनर्जींना १९९० साली पद्मश्री लाभली. बलराम यांना ती कधीच लाभली नाही. बॅनर्जी आणि गोस्वामी २०२० साली अवघ्या सहा आठवड्यांच्या अंतराने गेले; त्रिकूटातले शेवटचे बलराम १६ फेब्रुवारी २०२३ रोजी निवर्तले. ते अविवाहित होते. देवस्थानाच्या व्यवहारात वावरणाऱ्या वाचकांना मानकरी आणि सेवेकरी यांतला फरक ठाऊक आहे. मानाचा विडा कोणाला, हे वहिवाटीने ठरते. पहाटे गाभारा कोण झाडतो, हे वहिवाट विचारीत नाही. ज्याच्या पाठीशी एक गाव, एक क्लब, एक राज्य अखंड उभे आहे त्याचे नाव पुढे करणारे पुष्कळ असतात. जो तीन ठिकाणी राबला, त्याच्याविषयी प्रत्येक ठिकाणी असे वाटते की, शिफारस दुसऱ्याने करावी. बलराम यांना मिळालेल्या मानाची उणीव हा त्यांच्या खेळाचा दोष नसून या व्यवस्थेचा दोष आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणि हे मत आम्ही सीमाभागातील वाचकांपुढे मुद्दाम मांडीत आहोत. बलराम यांनी सदरे बदलले ते निदान स्वतःच्या पायांनी. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद येथल्या माणसांचा सदरा एका रात्रीत बदलला, आणि त्यांनी काही केलेले नव्हते. तेव्हापासून दोन्ही बाजूंकडून ‘तुम्ही नक्की कोणाचे?’ हा प्रश्न त्यांना विचारला जात आहे. आपल्या घरांतील मुले हैदराबादेस, पुण्यास, बंगळुरास नोकरीसाठी जातात. चार मालक पाहतात, चार भाषांत पोट भरतात. त्यांच्याविषयी बोलताना आपणही नकळत तोच प्रश्न त्यांना विचारू लागतो. हैदराबाद राज्यातून निघालेल्या त्या आघाडीवीराला जो न्याय लागू करावासा वाटतो, तो या मुलांसही लागू केला पाहिजे. सदऱ्याचा रंग पाहून झाल्यावर क्षणभर थांबावे, आणि चेंडू पायाशी असताना त्याने काय केले, तेही विचारावे.